साखर रक्तात, ओझं मनावर
(बचत गटाच्या मैत्रिणींसाठी सामुदायिक रेडिओवर झालेलं बोलणं)

 

आज शुगरवर बोलायचं आहे. दवाखान्याच्या भिंतीवर 'मधुमेह' लिहिलेलं असतं, पण घरात आपण म्हणतो, "तिला शुगर निघाली." पथ्य काय करावं, चालावं किती, हे तुम्ही अनेकदा ऐकलं असेल. आज आम्ही त्याच्या पलीकडचं बोलणार आहोत. शुगर निघालेल्या बाईच्या मनात काय चालतं, ते. ते मोजायची पट्टी कुणाच्या मशीनला नसते, म्हणून ते कुणी विचारत नाही.

आमच्याच एका गटात घडलेली गोष्ट सांगतो. महिन्याची बैठक होती. बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते मांडून झाले, चहा आला. आमची एक मावशी दर वेळी चहा परत करायची. "आत्ताच घिऊन आले," म्हणायची. आम्हाला कधी काही वाटलं नाही. त्या दिवशी पैसे मोजता मोजता तिचे हात थरथरायला लागले. दरदरून घाम फुटला. शेजारचीनं काही विचारलं तर मावशी एकदम तिच्या अंगावरच ओरडली. आम्हाला वाटलं, घरी काही भांडण झालं असेल. मग ती भिंतीला टेकली आणि हळूच म्हणाली, "साखर द्या गं कुणी."

तिला चार वर्षांपासून शुगर होती. सकाळची गोळी घेतली होती आणि चतुर्थीचा उपवास धरला होता. गोळीनं आपलं काम केलं, पोटात मात्र काही नव्हतं, म्हणून रक्तातली साखर खाली गेली. तीन चमचे साखर पाण्यात घालून दिली, पंधरा मिनिटांत ती सावरली. वर थोडं खायला दिलं.

मग आम्ही विचारलं, चार वर्षं सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "कर्ज मागितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, हिला शुगर हाय, ही फेडील का न्हाई."

आम्ही सगळ्या गप्प बसलो. कारण तसं बोलणं आमच्या गटात खरंच झालं होतं. दुसऱ्या एका बाईच्या कर्जाच्या वेळी, तिच्या माघारी. मावशीनं ते ऐकलं होतं आणि मनात ठेवलं होतं. म्हणजे जो गट अडीनडीला पाठीशी उभा राहावा म्हणून आपण काढला, त्याच गटाचं भय तिला शुगरपेक्षा मोठं होतं. आजचं हे बोलणं त्या दिवसापासून आमच्या मनात आहे.

हे ओझं कशाचं?

ताप आला तर आठ दिवसांत उतरतो. बाळंतपणाला सव्वा महिना तरी घरचे सूट देतात. शुगरला सूट नाही. दुभत्या गाईचं जसं असतं, लग्न असो की मयत असो, सकाळ-संध्याकाळ धार काढावीच लागते, तसंच हे. फरक एवढाच, की गाईच्या दुधाचा दर दहा दिवसांनी पगार येतो. शुगरची निगा राखल्याचा पगार हातात पडत नाही. डोळे, पाय, किडन्या चांगल्या राहिल्या हाच तो पगार, आणि तो दिसत नाही.

शुगर असलेल्या बाईला दिवसभर बारीकसारीक हिशेब करावे लागतात. गोळी जेवणाआधी की नंतर? दुपारी शेतात भाकरी उशिरा मिळाली तर? लग्नात बुंदी वाढली, नाही म्हणावं का? पायात काटा मोडला, तो साधा आहे की चिघळेल? प्रत्येक हिशेब छोटा असतो, पण रोज आणि आयुष्यभर करायचा असतो. त्यानं माणूस थकतं. "आता मला काहीच करायचं नाही, जे व्हायचं ते होऊ दे," असं एक दिवस वाटतंच.

या थकव्याला डॉक्टरांच्या भाषेत नाव आहे, 'डायबेटिस डिस्ट्रेस'. आपण त्याला शुगरचा मनस्ताप म्हणू. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्यम पोलोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये हा मनस्ताप मोजण्यासाठी प्रश्नांची एक यादी तयार केली. तिकडच्या माणसांनाही तेच वाटत होतं जे आपल्या मावशीला वाटतं. कायमची धास्ती, सतत आपलंच चुकतंय ही भावना, आणि घरच्यांना हे कळत नाही हे दुःख. तेव्हा असं वाटणं म्हणजे वेड नाही, आणि मन कच्चं असल्याची खूणही नाही. जड पाटी डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बाईची मान दुखते, तिला आपण कच्ची म्हणतो का?

"माझंच चुकलं" हे खरं आहे का?

शुगर निघाली की पहिला प्रश्न येतो, "गोड जास्त खात होतीस का?" विचारणारा सहज विचारतो, पण ऐकणारीच्या मनात तो रुतून बसतो. आपला जिल्हा साखरेचा. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढं नगर जिल्ह्याची ओळखच कारखान्यांची झाली. आमच्यातली एक ताई हसत म्हणते, "कारखान्याच्या भोंग्यावर उठणारी माणसं आपण, आपल्याला शुगर न्हाई होणार तर कुणाला?" हसण्यावारी ठीक आहे. पण पोतंभर साखर पिकवली म्हणून शुगर होत नाही, आणि दोन लाडू जास्त खाल्ले एवढ्यानंही होत नाही.

मोठ्या वयात होते ती शुगर अनेक कारणं एकत्र आल्यानं होते. आईवडिलांकडून आलेला वारसा, वाढतं वय, पोटावरची चरबी, अंगमेहनत कमी होणं, खाण्यातला बदल, गरोदरपणात वाढलेली शुगर. आणि एक कारण असं, जे आपल्या जन्माच्याही आधीचं असतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये एक अभ्यास सुरू केला. गरोदर बायांचं खाणं, त्यांचं काम, त्यांची बाळं, असं सगळं त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं. शेतात राबणाऱ्या, अंगानं बारीक असलेल्या आपल्यासारख्याच बाया. त्यांची बाळं जन्मली सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेर, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी. पण गंमत अशी, की या हलक्या बाळांच्या अंगात मांस कमी आणि त्या मानानं चरबी जास्त होती. दिसायला किडकिडीत, आतून चरबीचं. आईच्या पोटात असताना पोषण कमी पडलं तर शरीराची घडणच अशी होते, आणि पुढं शुगरचा धोका वाढतो.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. आपली आई सगळ्यांच्या मागून जेवली, गरोदरपणातही डोक्यावर हंडे वाहिले, त्याचा हिशेब आपल्या शरीरात लिहिला गेलेला असू शकतो. मग "माझंच चुकलं" म्हणत बसण्यात काय अर्थ? दोष आपला नाही. पुढची निगा मात्र आपल्या हातात आहे. या दोन गोष्टींची गल्लत झाली की बाई आधी शरमते, मग लपवते, आणि लपवलेल्या दुखण्याची निगा होत नाही.

आणि ही काही एकटी-दुकटीची गोष्ट नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. एवढी माणसं काय लाडू खाऊन आजारी पडली?

मनाचा आणि साखरेचा संबंध

"चिंतेनं शुगर वाढते का हो?" असं पुष्कळ जणी विचारतात. वाढते. ताण आला की शरीराला वाटतं संकट आलं, आता पळायला किंवा लढायला बळ लागेल. म्हणून शरीर ॲड्रिनलिन, कॉर्टिसॉल असले रस रक्तात सोडतं. ते रस लिव्हरला सांगतात, साठवलेली साखर बाहेर काढ. वाघ समोर आला असता तर ती साखर पळण्यात खर्ची पडली असती. पण आपल्यासमोर वाघ नसतो. सोसायटीची नोटीस असते, पोरीच्या लग्नाचा खर्च असतो, नवऱ्याची दारू असते. साखर रक्तातच राहते.

उलटंही होतं. साखर वाढली की थकवा येतो, चिडचिड होते, रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावं लागतं. संडास घराबाहेर असेल तर अंधारात, पावसात, कुणाला तरी उठवून जावं लागतं. काही बाया त्या भीतीनं संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. झोप मोडते, आणि झोप मोडली की दुसऱ्या दिवशी साखर पुन्हा चढते. काहींना अंगावरच्या जागी खाज, आग, वारंवार जंतुसंसर्ग होतो. ते नवऱ्याला सांगता येत नाही आणि डॉक्टरांपुढं तोंडातून निघत नाही. बहिणींनो, ही शुगरमुळं होणारी नेहमीची तक्रार आहे. त्यात बाईच्या चारित्र्याचा काही संबंध नाही. नर्सताईला सांगा, उपचार साधा असतो.

असं हे रहाटगाडगं फिरत राहतं. मनस्ताप झाला की गोळी चुकते, गोळी चुकली की शुगर वाढते, रिपोर्ट वाढलेला आला की बोलणी बसतात, बोलणी बसली की मनस्ताप वाढतो. एका ताईला एका दवाखान्यात म्हणाले, "तुम्हाला जगायचंय की नाही?" ती पुढचे सात महिने कुठल्याच दवाखान्याची पायरी चढली नाही. धाक दाखवून माणूस सुधारत नाही, ते तोंड चुकवतं.

बाईचं ओझं वेगळं असतं

घरात नवऱ्याला शुगर असेल तर त्याची गोळी, त्याची ज्वारीची भाकरी, त्याच्या चहाचं वेगळं पातेलं, सगळं बाई सांभाळते. तिला स्वतःला शुगर निघाली तर? "माझ्या एकटीसाठी वेगळं कशाला करायचं," असं ती स्वतःच म्हणते. उरलेला भात ताटात घेते, कारण टाकवत नाही. महिनाअखेरीला पैसे कमी पडले की गोळ्यांची पट्टी कुणाची लांबते? तिची. "दिवसाआड घेते, तेवढीच पुरती," असं आम्ही किती जणींकडून ऐकलंय. सरकारी दवाखान्यातून नियमित गोळ्या घेता येतात, पण त्यासाठीही मजुरीचा अर्धा दिवस मोडावा लागतो.

पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या आपल्या कितीतरी बहिणी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. पहाटे अंधारात फडात उतरायचं, मोळ्या वाहायच्या, कोपीत राहायचं. पाच-सहा महिने दवाखाना ओळखीचा नाही. कोयत्याची उचल घेतलेली, खाडा केला तर पैसे कापले जातात. अशा बाईला शुगर असेल तर पाचटावर चालताना पाय कापण्याची भीती, जेवणाची वेळ नाही, आणि मुकादमाला कळलं तर पुढच्या साली जोडी घेणार नाही ही धास्ती. ती पोटाशी गोळ्या लपवून नेते. या बहिणींसाठी एक सांगणं आहे. निघण्याआधी महिन्याचं औषध आणि सध्या चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी जवळ ठेवा, म्हणजे कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात पुढचं औषध मागता येतं. आणि टोळीतल्या निदान एका बाईला सांगून ठेवा. चक्कर आली तर काय करायचं, हे कुणाला तरी माहीत असायला हवं.

घरच्यांचेही दोन प्रकार असतात. एक, ज्यांना काही पडलेलं नसतं. दुसरे, ज्यांना फार काळजी असते. "आई, बटाटा खाऊ नको. आई, काल साखर टाकलीस ना चहात? मी पाहिलं." पोरगं मायेनंच बोलतं, पण स्वतःच्याच घरात चोर असल्यासारखं वाटायला लागतं. मग आई खरंच चोरून खाते, फडताळाच्या आड उभी राहून. त्यापेक्षा पोरानं "आई, आपण सगळेच आज कमी साखरेचा चहा घेऊ" म्हटलं, तर पथ्य एकटीचं राहत नाही, घराचं होतं.

सणवाराचंही असंच. संक्रांतीचा तिळगूळ, हळदीकुंकवाचा चहा, नवरात्राचे नऊ दिवस. उपवास मोडला तर देव कोपेल, आणि धरला तर साबुदाण्याच्या खिचडीनं शुगर वर, नाहीतर उपाशी पोटी गोळीनं खाली. कुणी उपवास धरावा की नाही हे आम्ही सांगणार नाही, ते ज्याच्या त्याच्या श्रद्धेचं. पण धरण्याआधी डॉक्टरांना विचारा, गोळी किंवा इन्सुलिन किती आणि कधी घ्यायचं. आणि आजारी लेकरानं उपवास मोडला तर कुठलीही आई रागावत नाही, मग देवी का रागावेल?

सुईची भीती

"आता इन्सुलिन घ्यावं लागेल" हे वाक्य ऐकलं की बाईच्या डोळ्यांपुढं अंधारी येते. इन्सुलिन म्हणजे शेवट, असं आपल्याकडं समजतात. खरं तर वर्षं जातात तसं शरीराचं स्वतःचं इन्सुलिन कमी पडत जातं. विहिरीचं पाणी खाली गेलं की आपण टँकर मागवतो, तसंच बाहेरून इन्सुलिन द्यावं लागतं. पथ्य पाळूनही ही वेळ येऊ शकते. ती शिक्षा नव्हे.

लहानपणी होणाऱ्या मधुमेहात, ज्याला टाइप वन म्हणतात, शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. पूर्वी अशी लेकरं जगत नसत. कॅनडात फ्रेडरिक बँटिंग, चार्ल्स बेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२१ मध्ये इन्सुलिन शोधलं. जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटोतल्या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा दिलं गेलं आणि तो वाचला. बँटिंग यांचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर, म्हणून त्या दिवशी जागतिक मधुमेह दिन पाळतात. आपल्याकडं तोच बालदिन असतो.

हे मुद्दाम सांगितलं, कारण आपल्या गावांत अशा मुली आहेत. शाळेत डबा खाण्याआधी संडासात लपून सुई टोचणाऱ्या. "लग्नात सांगायचं नाही," असं घरात दटावलेल्या. मग सासरी गेल्यावर सुई लपवायची, ती चुकायची, आणि जिवावर बेतायचं. टाइप वनच्या मुलीचं इन्सुलिन एक दिवसही बंद करून चालत नाही. कुणी "झाडपाल्यानं बरी करतो" म्हटलं तरी नाही. ती शिकू शकते, कमावू शकते, संसार करू शकते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आईही होऊ शकते. लपवून झालेलं लग्न टिकवण्यापेक्षा सांगून ठरलेलं लग्न बरं, हे आपण आयांनीच आधी मनाशी ठरवलं पाहिजे.

थकवा की आजार?

शुगरचा मनस्ताप आणि डिप्रेशन, म्हणजे नैराश्याचा आजार, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मनस्ताप शुगरभोवती फिरतो. मैत्रिणीशी बोललं, मदत मिळाली की तो हलका होतो. नैराश्यात सगळ्याच गोष्टींवरचं मन उडतं. मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्याचं प्रमाण इतरांच्या साधारण दुप्पट आढळतं.

पुढच्यापैकी बऱ्याच गोष्टी दोन आठवडे, जवळजवळ रोज होत असतील तर दवाखान्यात दाखवायला हवं. सतत उदास वाटणं. नातवंडं, भजन, भिशी, कशातच मन न लागणं. झोप न येणं किंवा नुसतं पडून राहावंसं वाटणं. भूक मरणं किंवा फार लागणं. अंगात त्राण नसणं. "मी सगळ्यांना भार झालेय" असं वाटणं. मात्र जीव नकोसा वाटत असेल, तर दोन आठवडे मोजत बसू नका. त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. आणि अशी बाई आपल्या ओळखीत असेल तर तिला एकटं सोडू नका. घरातली फवारणीची औषधं आणि गोळ्यांचा साठा कुलपात ठेवा.

टेलिमानस नावाची सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिचा नंबर आहे १४४१६. फोन मोफत आहे, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. समोरचं माणूस ऐकून घेतं आणि पुढं कुठं जायचं ते सांगतं. गावातल्या उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी, आशाताई, प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर यांच्याशीही बोलता येतं. नैराश्यावर उपचार आहे, आणि ते घेतल्यानं कुणी वेडी ठरत नाही.

आणखी एक. मेटफॉर्मिन नावाची गोळी शुगरसाठी फार चालते, चांगली आहे. पण ती वर्षानुवर्षं घेतल्यावर काहींच्या शरीरात बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. शाकाहारी बायांत ते आधीच कमी असतं. त्यानं थकवा येतो, हातापायाला मुंग्या येतात, मनही उतरतं. म्हणून डॉक्टरांना विचारा, बी-१२ तपासायचं का? थायरॉइडचंही विचारा. गोळी मात्र मनानं बंद करू नका.

मग गटानं काय करायचं?

आपल्याच जिल्ह्यात याचं उदाहरण आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी गावोगावच्या बाया निवडल्या. त्यातल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या जामखेडला जाऊन शिकायच्या आणि गावात येऊन महिला मंडळात सांगायच्या. त्या काळी कुष्ठरोग झालेल्या माणसाला गावकुसाबाहेर काढत. या बायांनी घरोघरी जाऊन, त्या माणसांना हात लावून, आधी गावाची भीती घालवली. भीती गेल्यावर रोगी पुढं आले, आणि पुढं आल्यावर औषध लागू पडलं. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ते काम उभं राहिलं ते आपल्यासारख्या बायांच्या बळावर.

शुगरचंही तसंच आहे. आधी लाज जायला हवी. आमच्या गटानं काय केलं ते सांगतो, तुम्हाला पटलं तर करा.

पहिलं, इतिवृत्ताच्या वहीत ठराव लिहिला. कर्ज देताना कुणाचं दुखणं विचारायचं नाही, त्यावर बोलायचंही नाही. परतफेडीचा इतिहास बघायचा. आणि ज्या बाईच्या माघारी आम्ही बोललो होतो, तिची सगळ्यांदेखत माफी मागितली. ते अवघड गेलं, पण केलं.

दुसरं, बैठकीत चहा आता बिनसाखरेचा होतो. साखरेचा डबा शेजारी असतो, ज्याला हवी तिनं घालून घ्यावी. त्यामुळं कुणाला "मला बिनसाखरेचा" असं सांगावंच लागत नाही.

तिसरं, हजेरीच्या आधी दोन प्रश्न. पोलोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच पुढं अशा दोन प्रश्नांची छोटी पद्धत काढली, आम्ही ती आपल्या बोलीत विचारतो. एक, या महिन्यात दुखण्याची उस्तवार करून जीव दमला का? दोन, आपल्याच्यानं होत नाही, आपण कमी पडतो, असं वाटलं का? उत्तर द्यायची सक्ती नाही. ऐकणाऱ्यांना एकच नियम, मध्ये सल्ला द्यायचा नाही. "कारल्याचा रस घे" म्हणायचं नाही, "माझ्या नणंदेचा पायच कापला" असंही सांगायचं नाही. फक्त ऐकायचं आणि विचारायचं, "आमची काय मदत होईल?"

चौथं, जोडीनं दवाखाना. दोघी-दोघींनी मिळून तपासणीला जायचं. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची शुगर आणि बीपीची तपासणी आरोग्य उपकेंद्रात होते, आशाताई त्यासाठी फॉर्म भरून घेतात. ज्यांना शुगर नाही त्यांनीही सोबत जायचं. एकटीला वाट लांब वाटते, आणि सोबत असली की डॉक्टरांना दोन प्रश्न जास्त विचारले जातात.

पाचवं, साखर खाली गेल्याची लक्षणं सगळ्यांना पाठ करून घेतली. घाम, थरथर, धडधड, भूक, एकाएकी चिडणं, बरळणं. शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या, मग खायला द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही ओतू नका, कुशीवर निजवा आणि १०८ ला फोन लावा.

एवढ्यानं शुगर जाणार नाही. ती राहणार आहे. पण धार काढायची गाय कायमची असली तरी एखाद्या दिवशी शेजारीण म्हणते ना, "आज तू बस, मी काढते." तेवढं तरी आपण एकमेकींसाठी करू शकतो.

त्या मावशीचं काय झालं, ते राहिलंच. मागच्या बैठकीत तिनं शेळ्यांसाठी कर्ज मागितलं. अर्ज वाचून झाल्यावर तीच म्हणाली, "आन मला शुगर बी हाय, लिवून घ्या." अध्यक्षा म्हणाल्या, "मावशी, तो रकानाच नाही वहीत." कर्ज मंजूर झालं. मावशीनं बिनसाखरेचा चहा घेतला, आणि आता ती पुढच्या आठवड्यात आणखी दोघींना तपासणीला घेऊन जाणार आहे.

तुमच्याही गटात कुणी दर वेळी चहा परत करत असेल. आज संध्याकाळी जाऊन तिच्याजवळ जरा बसा.

नमस्कार.